ग्वाल्हेरात सापडलेला नानासाहेब

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा. विषय आपल्या ग्वाल्हेरचाच आहे आणि बऱ्याच मराठी घरांमध्ये तो आजही वादाचा आहे, निदान आमच्या घरी तरी होता.

१८७४ सालचा ऑक्टोबर महिना. लश्करात एक माणूस सापडला आणि त्यानं सांगितलं की मी नानासाहेब पेशवा. जयाजीराव महाराजांनी त्याला ताब्यात घेतलं आणि इंग्रजांच्या स्वाधीन केलं. मुरारच्या छावणीत गोऱ्यांच्या पहाऱ्यात त्याला ठेवलं, तिथून कानपूरला नेलं. कागदावरची हकीकत थोडक्यात एवढीच. पण त्या एका माणसावरून आमच्या घरात दोन पक्ष होते. एक म्हणायचा, तो खरा नाना होता, इंग्रजांना लाज वाटली म्हणून त्यांनी तो खोटा ठरवला. दुसरा म्हणायचा, कुठला नाना, कुणीतरी भटका बैरागी होता बिचारा. माझे आजोबा पहिल्या पक्षात, आजी दुसऱ्या. आणि मी लहानपणापासून पाहात आलो की या भांडणात नानासाहेब बाजूलाच राहायचे. खरं भांडण असायचं ते एखादी गोष्ट खरी कशी मानायची याचं.

आधी थोडा इतिहास, कारण तरुण मंडळींना १८७४ मध्ये या प्रकाराला एवढं वजन का होतं ते कळायचं नाही.

नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र. बाजीराव १८५१ साली ब्रह्मावर्ताला वारले आणि त्यांचं आठ लाखांचं पेन्शन इंग्रजांनी नानाला दिलं नाही. पुढे १८५७ चं कानपूर, सतीचौरा घाट, बीबीघर, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ग्वाल्हेरचा संबंध त्यानंतरचा. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब आणि झाशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरवर आले, शिंद्यांची फौज त्यांना जाऊन मिळाली, महाराज आग्र्याला निघून गेले. इथे दरबार भरवून नानासाहेबांच्या नावानं पेशवाईची द्वाही फिरली. नाना स्वतः मात्र तेव्हा ग्वाल्हेरात नव्हते. म्हणजे ज्या शहरानं त्यांना पेशवा म्हटलं, त्या शहरानं त्यांना त्या वेळी पाहिलंच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

त्यानंतर नाना नेपाळच्या तराईत गेले. १८५९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस ते तिथे तापानं वारल्याचं नेपाळ दरबारनं कळवलं. इंग्रजांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. प्रेत कुणा इंग्रजानं पाहिलं नव्हतं आणि डोक्यावर एक लाखाचं इनाम होतं. एक लाख रुपये, १८५८ सालचे! त्यामुळे पुढची कित्येक वर्षं हिंदुस्थानात जागोजाग नानासाहेब सापडत राहिले. कुठे गोसावी पकडला, कुठे यात्रेकरू. ग्वाल्हेरचा त्यातला सगळ्यात गाजलेला, कारण त्याला पकडून देणारा कुणी शिपाई नव्हता, खुद्द शिंदे सरकार होते.

आता विचार करा. फोटो नाही, आधार कार्ड नाही, बोटांचे ठसे घ्यायची पद्धत अजून आलेली नाही. समोर एक माणूस उभा आहे आणि म्हणतोय मी अमुक. कसं ठरवायचं?

इंग्रजांकडे नानाचं वर्णन लिहिलेला कागद होता. रंग, उंची, बांधा, नाक, डोळे. पण असल्या वर्णनात निम्मे मराठी पुरुष बसतील. अंगावरच्या खुणाही दिल्या होत्या. पायाच्या अंगठ्यावर नस्तर लावल्याची खूण, कानांत भिकबाळीची भोकं, आणि बरोबर सदैव एक कान कापलेला नोकर असतो वगैरे. चित्राची गंमत तर औरच. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये नानासाहेबांचं म्हणून जे चित्र छापून आलं आणि ज्यावरून सगळ्या इंग्लंडनं नानाचा चेहरा ओळखला, ते मुळात एका भलत्याच ठेकेदाराचं होतं, अशी हकीकत फोर्ब्स-मिचेल नावाच्या सार्जंटनं आपल्या आठवणींत दिली आहे. जॉन लँग वकिलाकडे आपल्या अशिलाचं चित्र होतं, तेच खपून गेलं म्हणे. म्हणजे लाखाचं इनाम लावून शोधायचं एकाला आणि तोंड पाठ करायचं दुसऱ्याचं!

म्हणून शेवटी गाडी आली ती पाहिलेल्या माणसांवर. कानपूरला ज्यांना बोलावलं त्यांत मोब्रे थॉमसन होते. सतीचौरा घाटावरून जिवंत सुटलेल्या चार जणांपैकी एक. दुसरे डॉक्टर ट्रेसिडर, कानपूरला असताना ज्यांनी नानाला रोगी म्हणून तपासलं होतं. पहिला प्रश्न वयाचाच आला. नाना १८२४ चे, म्हणजे त्या वेळी पन्नाशीचे असायला हवेत, आणि समोरचा माणूस तेवढा वाटेना. त्या माणसानंही आधी दिलेली कबुली फिरवली. अखेर हा नाना नव्हे असं ठरलं.

मला यात थॉमसनपेक्षा डॉक्टर जास्त भरवशाचा वाटतो. थॉमसननं भोगलं भयंकर, पण भोगणं वेगळं आणि जवळून पाहणं वेगळं. डॉक्टरनं हात धरून नाडी पाहिलेली असते, अंगठ्यावर नस्तर लावलेलं असतं. रोगी कितीही वेष बदलो, अंगठा बदलत नाही.

मराठी माणसाला ही असली परीक्षा नवी नव्हती. त्यासाठी आपल्या भाषेत एक सबंध शब्दच आहे, तोतया. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. सदाशिवरावभाऊंचं प्रेत मिळालं, अग्नी दिला, असं सांगितलं गेलं, तरी कित्येकांना ते पटलं नाही. पार्वतीबाईंनीच मानलं नाही. त्या शेवटपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या, १७८३ मध्ये वारल्या. आणि ज्या घरात बाई कुंकू पुसत नाही, त्या घरचा पुरुष परत येऊ शकतो असं जग धरून चालतं. तो आलाही. कनोजी ब्राह्मण, उत्तरेतला, चेहऱ्यामोहऱ्यानं भाऊंसारखा. माधवराव पेशव्यांनी चौकशी करून त्याला खोटा ठरवला आणि कैदेत टाकला. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात गोंधळ माजला, तसा १७७६ मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यानं, त्याला बाहेर काढून उभं केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. त्याच्यावर चालून गेलेल्या सरदारांत आपले महादजी शिंदेही होते. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरून दिला आणि १८ डिसेंबर १७७६ ला पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. न. चिं. केळकरांचं नाटक आहे यावर, जुन्या लोकांनी वाचलं असेल.

यात मला खटकतं ते असं. दहा वर्षांपूर्वी खोटा ठरलेला माणूस दहा वर्षांनी खरा कसा झाला? त्याचं नाक बदललं नव्हतं, बोली बदलली नव्हती. बदलली होती ती लोकांची गरज. नाना फडणीस नको असलेल्यांना भाऊ हवा होता. ज्याला भाऊ हवा होता त्याला तो दिसला.

आता आमच्या आजीकडे येतो. आजी १९०५ च्या आसपासची, दौलतगंजातल्या जुन्या घरात सून म्हणून आली. शाळा जेमतेम दुसरी. पण तिच्यापुढे खोटं बोलणं महाकठीण. तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, १८७४ ला आठ-नऊ वर्षांचे होते आणि ते सगळ्यांना सांगत की मी नानासाहेबांना मुरारला नेताना पाहिलं. ही आमच्या घरची मिरास! कुणी पाहुणे आले की आजोबा ती काढायचे. आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, “मामंजींनी घोडेस्वार पाहिले. नाना नाही पाहिला.”

कारण तिनं सासऱ्यांना विचारलेलं होतं. सून म्हणून थेट नाही, पाय चेपता चेपता. नानासाहेब गोरे होते का? पालखीत होते की गाडीत? डोक्याला काय होतं? आणि म्हाताऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की गर्दी होती, वडलांनी खांद्यावर घेतलं होतं, घोडे दिसले, भाले दिसले, लोक म्हणाले नाना चाललाय. बस. आजी कधी म्हणाली नाही की मामंजी खोटं बोलतात. ती म्हणायची, “जेवढं पाहिलं तेवढं खरं सांगितलं, बाकीचं लोकांचं आहे.” पाहिलेलं आणि ऐकलेलं ती तांदूळ निवडावे तसं वेगळं करायची. आजोबांना याचा राग यायचा. ते म्हणायचे, तुला आपल्या घराण्याचा अभिमान नाही.

तिचा आणखी एक प्रश्न असायचा, तो मला आयुष्यभर पुरला. कुणीही काही ताजी खबर आणली, अमक्याची मुलगी पळाली, तमक्याकडे गुप्तधन सापडलं, की ती विचारायची, “सांगणाऱ्याचं काय जातं?” म्हणजे हे सांगून त्याचं काही नुकसान होतंय का? फुकटची खबर असेल तर ती मान डोलवायची आणि विसरून जायची. पण एखादा माणूस स्वतःला तोशीस लागत असताना काही सांगत असला की ती हातातलं काम ठेवून ऐकायची.

आमचा सर्राफा जवळच होता. तिथे मी लहानपणी पाहिलंय, सोनाराच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब. खोटी रेघ हिरवट होऊन उडून जायची. चांदीच्या रुपयाला तर तेवढंही लागायचं नाही, दगडावर आपटला की कानाला कळायचं. खणखणीत की बद्द. पुढे मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कॅशला. खोटी नोट आधी बोटाला कळते, डोळ्याला नंतर. गड्डी मोजताना बोट एके ठिकाणी अडतं, का अडलं ते मागाहून उजेडात धरून बघायचं. पण हे बोट कशानं तयार होतं? खोट्या नोटा हाताळून नाही. लाखो खऱ्या नोटा मोजून. डॉक्टर ट्रेसिडरचं तेच, आणि त्या सोनाराचंही, शेजारी खरी रेघ असल्याशिवाय तो बोलायचाच नाही.

तर मग १८७४ च्या ग्वाल्हेरात खरी रेघ कुणाकडे होती? शहरानं नानाच्या नावानं द्वाही फिरवली होती पण नाना पाहिला नव्हता, हे मघाशी सांगितलंच. पण ग्वाल्हेरात ब्रह्मावर्ताशी नातं असलेली घरं होती. बाजीरावांची मुलगी बयाबाई ऊर्फ कुसुमबाई ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिलेली. नात्यानं नानाची बहीण! त्या १९१७ पर्यंत हयात होत्या. बहिणीला भाऊ ओळखायला अंगठ्यावरची खूण लागत नाही. हाक मारण्यावरून कळतं. असल्या घरांतल्या बायकांना जे ठाऊक असतं ते दरबारात विचारलं जात नाही, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं. आजीला याचंच नवल वाटायचं, की अख्खी पलटण उभी केली, कानपूरपर्यंत नेलं, आणि घरच्या बायकांच्या म्हणण्याचा गोष्टीत कुठे उल्लेखच नाही.

आता दुखऱ्या जागेकडे. आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक १८५८ बद्दल मोकळेपणानं बोलत नाही. शाळेत सुभद्राकुमारी चौहानांची झाशीच्या राणीवरची कविता सुरू झाली की शिंद्यांचं नाव येणाऱ्या कडव्याला वर्गातली मुलं मागे वळून आमच्याकडे बघायची. दरबारच्या नोकरीवर आमची घरं उभी राहिलेली, अन्न त्यांचं खाल्लेलं. आणि दुसरीकडे राणीसाहेब, तात्या, नाना, तेही आपलेच. या पेचातून १८७४ च्या गोष्टीच्या दोन्ही आवृत्त्या निघाल्या असं मला वाटतं.

नाना खरा होता असं मानलं, तर महाराजांनी पेशव्याला धरून दिला असं होतं. म्हणून आजोबांच्या पक्षाची गोष्ट पुढे अशी वळायची, की महाराजांनी आतून इंग्रजांशी बोलणं करून त्याचा जीव वाचवला, आणि इंग्रजांनी मुद्दाम खोटा ठरवून सोडला. म्हणजे पेशवाही खरा, महाराजही निर्दोष. सगळ्यांची अब्रू राहिली. अशी सगळ्यांना सोयीची गोष्ट ऐकली की माझं बोट अडतं. नाना खोटा होता असं मानलं, तर प्रश्न उरतो की महाराजांना एवढी खात्री कशी वाटली? इथे आजीचा प्रश्न उलटा करून बघा, सांगणाऱ्याचं काय येतं? ग्वाल्हेरचा किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. घरातून मान वर केली की दिसणारा आपलाच किल्ला आणि वर फडकतंय दुसऱ्याचं निशाण. तो परत मिळाला १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात. अशा राजाच्या हाती इंग्रजांचा सगळ्यात मोठा वैरी आपण होऊन आला, तर तो खरा असावा असं त्याला वाटणारच. मी महाराजांना लबाड म्हणत नाही. रत्नागिरीच्या परांजप्याला भाऊ दिसला तसा त्यांना नाना दिसला, एवढंच माझं म्हणणं.

आणि ही सोय फक्त राजांची नाही. तात्या टोप्यांना १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी दिलं, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तरी ते फाशी गेलेच नाहीत, दुसराच माणूस गेला, अशी गोष्ट अजून सांगतात. राणीसाहेबांचा बलिदान दिवस फूलबागेत समाधीपाशी आपण १८ जूनला पाळतो, पुष्कळ पुस्तकांत १७ जून आहे. तारखेचा हा फरक मला फारसा सलत नाही. दोन्हीकडे लढाई तीच, कोटा की सरायची, आणि कुणाचाही त्यात स्वार्थ दिसत नाही.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचं ‘माझा प्रवास’ घरोघरी असतं. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला म्हणून भटजी निघाले, बरोब्बर १८५७ च्या वणव्यात सापडले. वाटेत शिपायांकडून ऐकलेल्या ८४ कायद्यांच्या अफवेपासून झाशीत डोळ्यांनी पाहिलेल्या कत्तलीपर्यंत सगळं त्यात आहे. ते १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं तेव्हा बराच हात फिरवून छापलं. मुळाबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी काढलं ते १९६६ मध्ये. जवळजवळ साठ वर्षं लोकांनी साक्षीदाराच्या तोंडी संपादकाचे शब्द ऐकले. मी दोन्ही वाचली आहेत. भटजी खरे वाटतात ते स्वतःची फजिती सांगतात तिथे. भूक लागली, भीती वाटली, कमावलेले पैसे लुटले गेले. असं सांगून त्यांचं काही येत नव्हतं.

नानासाहेबांचं सापडणं १८७४ वर थांबलं नाही. पर्सिव्हल लँडन नावाच्या इंग्रज लेखकानं एक किस्सा दिलाय. १८९५ मध्ये काठेवाडात एका तरुण अधिकाऱ्यानं म्हातारा पकडला, कलकत्त्याला तार ठोकली की नाना सापडला, काय करू? उलट तार आली, ताबडतोब सोडून द्या. किस्सा इतका झकास बसलाय की आजीनं नक्की विचारलं असतं, ती तार पाहिली कुणी?

आजी १९७८ मध्ये गेली. तिच्या शेवटच्या वर्षांत मी एकदा तिला म्हटलं, आजी, तू एवढी खात्रीनं सांगतेस तो नाना नव्हता म्हणून, मग तो होता तरी कोण? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अरे, ते कुणी विचारलंच नाही. सगळे नाना आहे का नाही एवढंच विचारत होते. त्याचीपण आई असेल कुठेतरी, वाट पाहात.”

आजोबांच्या गोष्टीत त्या माणसाला नाव नव्हतं, आजीच्याही नव्हतं. मामंजींनी वडलांच्या खांद्यावरून घोडे पाहिले, भाले पाहिले, आणि त्या घोड्यांच्या मधोमध तो बसलेला होता, मुरारच्या रस्त्यानं.